ताण आणि वीज

दसरा उलटला कीं बालाघाटच्या डोंगरपट्टींतील बीड जिल्ह्याचीं गांवें हळूहळू रिकामीं होऊं लागतात. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, अनेक कोयत्यांची एक टोळी, टोळीवर एक मुकादम, आणि मुकादमाकडून आधींच घेतलेली उचल, असा हा व्यवहार असतो. मजुरी दिवसावर नसते. ती टनावर असते. पहाटेपासून तोडलेला, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडींत चढविलेला ऊस शेवटीं कारखान्याच्या दारांतील काट्यावर येऊन उभा राहतो. तेथें एका लहानशा तावदानांत आंकडे उमटतात, आणि त्या आंकड्यांवरून तोडणाऱ्याची मजुरी, वाहतुकीचें भाडें व शेतकऱ्याचा दाम हीं तिन्ही ठरतात.

या काट्याला दांडी नाहीं, पारडीं नाहींत, मापेंही नाहींत. गाडी एका सपाट तक्तपोशीवर चढते आणि क्षणार्धांत वजन दिसतें. मग तें वजन कळतें कसें? त्याचें उत्तर थोडक्यांत असें कीं, गाडीच्या भारानें तक्तपोशीखालचे पोलादी ठोकळे किंचित् दबतात. त्या दबण्यानें त्यांच्या अंगावर चिकटविलेल्या धातूच्या बारीक पट्ट्यांचा विद्युद्रोध बदलतो. आणि हा बदल मोजून वजन काढण्यांत येतें. पदार्थाचा आकार बदलला कीं त्याचे विजेसंबंधींचे गुणही बदलतात, हें त्यामागील तत्त्व होय. हेंच तत्त्व आज मोठमोठ्या प्रयोगशाळांत अत्यंत नाजूक अशा पदार्थांवर योजिलें जात आहे, आणि नुसत्या ताणानें वा दाबानें एका जातीच्या पदार्थाला दुसऱ्या जातीचे गुण देतां येतात, असें दिसून आलें आहे. उसाच्या काट्यापासून त्या प्रयोगशाळांपर्यंतची वाट वाटते तितकी लांब नाहीं.

या वाटेची सुरुवात जुनी आहे. १८५६ सालीं ग्लासगो येथील विल्यम थॉमसन यांनीं, म्हणजे पुढें लॉर्ड केल्विन या नांवानें प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञांनीं, तांब्याच्या व लोखंडाच्या तारा ताणून पाहिल्या, आणि ताणलेल्या तारेचा रोध वाढतो असें दाखविलें. तांब्यापेक्षां लोखंडांत हा फरक अधिक आढळला. त्यानंतर सुमारें ऐंशी वर्षांनीं, १९३८ च्या सुमारास, अमेरिकेंत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज या दोघांनीं एकमेकांस ठाऊक नसतां एकच युक्ति काढली. बारीक तार जर एखाद्या यंत्राच्या भागावर घट्ट चिकटविली, तर तो भाग जितका ताणेल तितकीच तारही ताणेल, आणि तारेचा रोध पाहून त्या भागावरील ताण ओळखतां येईल. आज तारेऐवजीं नागमोडी कापलेल्या पातळ धातुपत्राची पट्टी वापरतात. तिला ताणमापक पट्टी म्हणतां येईल.

काट्याच्या ठोकळ्यावर अशा चार पट्ट्या बसवितात. भार आला कीं त्यांतील दोन आखडतात व दोन ताणल्या जातात. या चारही पट्ट्या एका चौकटीच्या चार बाजूंप्रमाणें जोडलेल्या असतात. शाळेच्या प्रयोगशाळेंत विद्यार्थी ज्याला व्हीटस्टनचा सेतु म्हणून ओळखतात, तीच ही जोडणी. ती प्रथम सॅम्युएल क्रिस्टी यांनीं १८३३ सालीं सुचविली व व्हीटस्टन यांनीं १८४३ सालीं लोकांपुढें आणली. तिचा गुण असा कीं चारही बाजू समतोल असल्या तर मधल्या तारेंतून कांहींच वाहत नाहीं, आणि तोल रतिभर जरी बिघडला तरी तो लगेच कळून येतो. म्हणजे पारड्यांचा तराजू येथून गेला असें वाटलें, तरी तो विजेच्या रूपानें आंत बसलेलाच आहे.

थोडा हिशेब केला म्हणजे या कामाची नाजुकता ध्यानांत येईल. समजा, पूर्ण भाराखालीं पोलादाचें दबणें हजारांत एक इतकें आहे. म्हणजे दहा सेंटिमीटर उंचीचा ठोकळा एक दशांश मिलिमीटर, सुमारें एका केसाच्या जाडीइतका, खालीं बसला. पट्टीचा रोध ३५० ओहम असेल तर तो अवघा सात दशांश ओहम बदलेल. चौकटीला दहा व्होल्टांचा दाब दिला, तर पूर्ण भारास हातीं येणारा संकेत वीस मिलिव्होल्टांच्या आसपास असेल. पूर्ण भार पन्नास टन धरला, तर एका टनाला चार दशांश मिलिव्होल्ट, आणि दहा किलोला, म्हणजे एका लहानशा मोळीला, चार मायक्रोव्होल्ट. घड्याळांतल्या साध्या सेलचा दाब याच्या पावणेचार लाख पटींनीं मोठा असतो. इतक्या सूक्ष्म संकेतावर एका मोळीची मजुरी उभी असते.

आतां एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. ताणलेल्या पट्टीचा रोध वाढतो तो कां? पहिलें कारण सोपें आहे. तार लांब झाली कीं विजेला अधिक वाट चालावी लागते, आणि तार लांबतांना ती बारीकही होते, म्हणून वाट अरुंदही होते. लांबी हजारांत एक वाढली, तर रुंदी व जाडी या प्रत्येकींत हजारांत सुमारें तीन दशांश घट होते. हें सारें मिळवलें तर रोध हजारांत एक पूर्णांक सहा दशांश वाढावा. परंतु प्रत्यक्ष मोजमापांत या पट्ट्यांच्या मिश्रधातूचा रोध हजारांत सुमारें दोन वाढतो. म्हणजे आकाराच्या हिशेबांत न बसणारा थोडासा भाग उरतो. हा उरलेला भाग बाहेरच्या आकारांतून येत नाहीं. तो पदार्थाच्या अंतरंगांतून येतो.

धातूंत हा उरलेला भाग लहान असल्यामुळें त्याकडे दुर्लक्ष झालें असतें तरी व्यवहाराचें कांहीं अडलें नसतें. पण १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चार्ल्स स्मिथ यांनीं जर्मेनियम व सिलिकॉन या अर्धवाहकांवर हाच प्रयोग केला, आणि चित्र पालटलें. सिलिकॉनच्या स्फटिकांत, योग्य दिशेनें ताण दिल्यास, हजारांत एक ताणाला रोधांतील फरक हजारांत शंभराच्या घरांत जातो. आकाराचा वांटा तोच, एक पूर्णांक सहा दशांश. बाकीचा सगळा अंतरंगाचा. गांवच्या आरोग्यकेंद्रांत दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब सांगणारीं जीं विजेचीं यंत्रें आलीं आहेत, त्यांतील पुष्कळांत असाच सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. हवेच्या दाबानें तो फुगतो आणि त्याचा बदललेला रोध आंकडा होऊन बाहेर येतो.

तेव्हां अंतरंगांत काय घडतें तें पाहिलें पाहिजे. स्फटिकांत अणु ठराविक अंतरावर, ठराविक दिशांना, ओळीनें बसलेले असतात. घरांतील बाजेची वीण डोळ्यांपुढें आणावी. सुंभाचे पेड एकमेकांना ओलांडून जातात आणि मध्यें सारख्या चौकोनी मोकळ्या जागा राहतात. बाजेचा एक कोपरा धरून ओढला तर प्रत्येक चौकोन थोडा तिरपा होतो. एकही सुंभ तुटलेला नसतो, एकही गांठ सुटलेली नसते, तरी साऱ्या विणीचें रूप बदललेलें असतें. स्फटिक ताणला असतां असेंच होतें. अणु तेच, त्यांची संख्या तीच. फक्त त्यांच्यामधलीं अंतरें व कोन बदलतात.

परंतु या अंतरांवरच इलेक्ट्रॉनांचें सारें जीवन अवलंबून असतें. इलेक्ट्रॉन हा नुसता गोळीसारखा कण नव्हे. तो लाटेसारखाही वागतो. अणूंच्या ओळींतून जातांना त्याच्या लाटेला कांहीं ऊर्जा मानवतात व कांहीं मानवत नाहींत. मानवणाऱ्या ऊर्जांचे पट्टे असतात आणि त्यांच्यामध्यें निषिद्ध अंतर असतें. हें अंतर नसलें कीं पदार्थ धातु, फार मोठें असलें कीं निरोधक, आणि बेताचें असलें कीं अर्धवाहक. अणूंमधील अंतर बदललें कीं हे पट्टे सरकतात. तंबोऱ्याची तार पिळली कीं सूर चढतो, तसाच कांहींसा हा प्रकार आहे. फरक इतकाच कीं येथें सूर लाकडाच्या भोपळ्यांतून नव्हे, तर पदार्थाच्या विद्युद्गुणांतून ऐकूं येतो.

सिलिकॉनमध्यें इलेक्ट्रॉनांना राहण्यासाठीं सारख्याच ऊर्जेच्या सहा जागा असतात. शास्त्रज्ञ त्यांना दऱ्या म्हणतात, आणि बालाघाटांतील माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाहीं. एकाच उंचीवर सहा दऱ्या असल्या तर पावसाचें पाणी साहींत सारखें सांठेल. परंतु जमीन थोडी कलली आणि त्यांतील दोन दऱ्या खालीं गेल्या, तर पाणी त्या दोहोंकडे धांव घेईल. सिलिकॉनचा पातळ थर आडव्या अंगानें सर्व बाजूंनीं ताणला असतां असेंच होतें. सहांपैकीं दोन दऱ्या खालीं उतरतात, आणि त्या दोन दऱ्यांतील इलेक्ट्रॉन थराच्या पातळींत अधिक हलकेपणानें धांवतात. म्हणून वीज सुलभतेनें वाहते.

पण इतक्या लहान वस्तूला ताण द्यावयाचा तरी कसा? तिला चिमट्यांत धरून ओढणें शक्य नाहीं. येथें खेड्यांतील लोहाराची एक युक्ति उपयोगी पडते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडाची धाव चढवितांना ती चाकापेक्षां किंचित् लहान घेतात. गोवऱ्यांच्या जाळांत तापवून ती फुगली कीं चाकावर बसवितात आणि पाणी ओततात. थंड होतांना धाव आखडते आणि लांकडाला चोहोंकडून आवळून धरते. त्यानंतर कोणी दाबीत नसतें, तरी चाक जन्मभर दाबाखालीं राहतें आणि त्यामुळेंच मजबूत राहतें. सिलिकॉनच्या बाबतींत उष्णतेचें काम अणूंच्या आकारानें केलें. जर्मेनियमच्या स्फटिकांतील अणूंचें अंतर सिलिकॉनपेक्षां सुमारें चार टक्क्यांनीं मोठें असतें. सिलिकॉन व जर्मेनियम यांच्या मिश्रणाचा थर घेऊन त्यावर सिलिकॉनचा पातळ थर वाढविला, तर सिलिकॉनचे अणु खालच्या मोठ्या घरांत पाय पसरून बसतात. थर आपोआप ताणला जातो आणि तसाच राहतो. २००३ च्या सुमारास इंटेल या कंपनीनें बाजारांत आणलेल्या ९० नॅनोमीटर जातीच्या ट्रान्झिस्टरांत ही कल्पना थोडी फिरवून वापरली. वाटेच्या दोन्ही टोंकांना मिश्रणाचे खडे बसवून मधलें सिलिकॉन दाबलें, आणि दुसऱ्या जातीच्या ट्रान्झिस्टरांवर ताणणारें आवरण चढविलें. तेव्हांपासून ताणलेलें सिलिकॉन हें संगणकाच्या व हातांतील फोनच्या अंतरंगाचें एक नित्याचें अंग झालें आहे. मुकादमाच्या फोनवर जेव्हां टोळीला बोलावणें येतें, तेव्हां त्या फोनमध्येंही अशा धावा चढविलेलीं कोट्यवधी सूक्ष्म चाकें काम करीत असतात असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

येथवर जें सांगितलें त्यांत प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतंत्रपणें चालतो असें धरलें आहे. परळीच्या वैजनाथाच्या यात्रेंतील गर्दीसारखा हा प्रकार आहे. धक्के लागतात, तरी ज्याची त्याची वाट वेगळी. परंतु कांहीं पदार्थांत इलेक्ट्रॉन गर्दीसारखे न वागतां पंढरीच्या दिंडीसारखे वागतात. एकाचें पाऊल दुसऱ्याच्या पावलाशीं बांधलेलें असतें, आणि साऱ्यांचें मिळून एक निराळेंच वर्तन घडतें. एकेकट्या इलेक्ट्रॉनाचा हिशेब करून तें समजत नाहीं. अशा पदार्थांना क्वांटम पदार्थ म्हणतात. ज्यांतून वीज कसलाही रोध न होतां वाहते ते अतिवाहक हें त्यांचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १९११ सालीं हॉलंडमध्यें कॅमरलिंग ओनेस यांना पाऱ्यामध्यें हा गुण प्रथम आढळला, पण उणें २६९ अंशांच्या थंडींत. दिंडींतील एका ओळीनें पाऊल बदललें तर सारी दिंडी बदलते. तसेंच या पदार्थांत थोड्याशा ताणानें फार मोठा फरक पडूं शकतो. म्हणून गेल्या वीस वर्षांत या विषयाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष विशेष वेधलें आहे.

स्ट्रॉन्शियम, रुथेनियम व प्राणवायु यांचा एक स्फटिक आहे. तो अतिवाहक होतो हें जपानांतील योशितेरु माएनो व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं दाखविलें. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणें २७३ अंशांच्या वर केवळ दीड अंशावर ही अवस्था येते. जर्मनींतील ड्रेस्डेन येथील क्लिफर्ड हिक्स, अँड्र्यू मॅकेन्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या स्फटिकाची बारीक काडी घेऊन तिला एकाच दिशेनें दाबण्याचें यंत्र तयार केलें. त्या यंत्रांत असे ठोकळे असतात कीं विजेचा दाब दिला असतां त्यांची लांबी बदलते. काट्यांत ताणानें वीज बदलते. येथें विजेनें ताण निर्माण होतो. काडी एका टक्क्याहूनही कमी दाबली असतां अतिवाहकतेचें उष्णतामान दीड अंशावरून सुमारें ३.४ अंशांवर, म्हणजे दुपटीहून अधिक, चढलें. आणि आणखी दाबतांच तें पुनः उतरूं लागलें. हें काम २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. यांत मौज अशी कीं स्फटिकांत नवीन द्रव्य मिसळलें नाहीं, कांहीं काढलें नाहीं. द्रव्य मिसळून गुण बदलणें ही जुनी रीत. पण तींत मिसळलेलें परत काढतां येत नाहीं आणि स्फटिक मलिन होतो. दाब मात्र हवा तेव्हां द्यावा व हवा तेव्हां काढावा.

दाब देण्याची दुसरी रीत म्हणजे हिऱ्यांच्या दोन टोंकांमध्यें पदार्थ चिरडणें. २०१५ सालीं जर्मनींतील मिखाईल एरेमेट्स यांच्या गटानें गंधक व हायड्रोजन यांच्या संयुगाला वातावरणाच्या सुमारें पंधरा लाख पट दाब दिला, तेव्हां तें संयुग उणें ७० अंशांवरच अतिवाहक झालें. पण असा दाब हिऱ्यांच्या चिमटींतच राहणार. त्याची तार ओढतां येणार नाहीं. येथेंच पुनः लोहाराची धाव आठवते. २०२३ सालीं चीनमधील शास्त्रज्ञांनीं लँथॅनम व निकेल यांच्या एका प्राणिदाला वातावरणाच्या सुमारें दीड लाख पट दाबाखालीं ८० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणें १९३ अंशांजवळ, अतिवाहक होतांना पाहिलें. पुढें २०२४ सालाच्या अखेरीस अमेरिकेंतील गटानें याच पदार्थाचा पातळ थर थोड्या लहान घराच्या स्फटिकावर वाढविला. थर सुमारें दोन टक्के आवळला गेला, आणि हिऱ्यांवांचून, साध्या हवेच्या दाबांत, ४० केल्विनच्या आसपास त्यांत अतिवाहकता सुरू होतांना आढळली. पूर्वीं जें काम प्रचंड दाबानें होत होतें, त्यांतील कांहीं भाग आतां नुसत्या बैठकीनें साधला.

तिसरें उदाहरण ग्राफीनचें. पेन्सिलींत जें काळें द्रव्य असतें त्याचा एकच अणु जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. मँचेस्टर येथें आंद्रे गाइम व कॉन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनीं २००४ सालीं तो चिकटपट्टीच्या साह्यानें वेगळा केला, आणि २०१० सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. हा पापुद्रा सुमारें पंचवीस टक्के ताणला तरी फाटत नाहीं, असें २००८ सालच्या प्रयोगांत दिसलें. त्याला विशिष्ट रीतीनें वांकविलें तर त्यांतील इलेक्ट्रॉन जणूं बळकट लोहचुंबकाजवळ असल्यासारखे वळूं लागतात. २०१० सालीं प्लॅटिनमवर वाढविलेल्या ग्राफीनच्या सूक्ष्म फुगवट्यांत हें दिसलें, आणि तो परिणाम ३०० टेस्लांहून अधिक चुंबकीय क्षेत्राइतका होता. प्रयोगशाळेंत सतत टिकवितां येणारीं सर्वांत बळकट क्षेत्रें ४५ टेस्लांच्या आसपास आहेत. अर्थात् हें खरें चुंबकत्व नव्हे. होकायंत्राची सुई त्याजवळ हलणार नाहीं. ग्राफीनमध्यें इलेक्ट्रॉनांच्या दोन दऱ्या असतात, आणि हा परिणाम दोहोंत उलटसुलट होतो. तरी इलेक्ट्रॉनाच्या दृष्टीनें वांकलेली जमीन व चुंबक यांत फारसें अंतर राहत नाहीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या कामांत महाराष्ट्रही मागें नाहीं. होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, मुंबईस कुलाबा येथें, मंदार देशमुख यांचा गट ग्राफीनवर अनेक वर्षें प्रयोग करीत आला आहे. दोन आधारांवर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलेला ग्राफीनचा पापुद्रा सेकंदास कोट्यवधी वेळां कंप पावतो. खालून विजेचा दाब दिला कीं तो अधिक ताणला जातो व त्याचा सूर चढतो. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या कामांत या गटानें अशा सुरांवरूनच मोजून दाखविलें कीं, बहुतेक पदार्थ तापल्यावर फुगतात, पण ग्राफीन ३० पासून ३०० केल्विनपर्यंत तापवितां उलट आखडतें. पुढें २०२२ सालीं याच गटानें, कानपूरच्या आय. आय. टी.तील अमित अगरवाल प्रभृतींच्या सहकार्यानें, ग्राफीनचे दोन दुहेरी पापुद्रे एकमेकांवर किंचित् फिरवून ठेवले. ठेवतांना त्यांत जो थोडा ताण शिरला, त्यानें जाळीची तिहेरी सममिति मोडली. ती मोडली म्हणूनच प्रवाहाच्या आडव्या दिशेला एक विशेष विद्युत्‌दाब उत्पन्न झाला, आणि त्याचें चिन्ह बदलतांना पाहून पदार्थाच्या अंतर्गत रचनेंतील एक गूढ संक्रमण ओळखतां आलें. जो ताण एरव्हीं कारागिराची चूक समजला गेला असता, तोच येथें दुर्बीण झाला.

या साऱ्याचा उपयोग काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील, आणि तो योग्यच आहे. ताणलेलें सिलिकॉन व ताणमापक पट्टी हीं घरोघर पोंचलीं आहेत. क्वांटम पदार्थांचें तसें नाहीं. ते अजून फार थंडींत, केसाएवढ्या तुकड्यांत व थोड्या जाणत्या हातांत आहेत. स्ट्रॉन्शियमच्या स्फटिकांतील अतिवाहकता नेमकी कोणत्या प्रकारची आहे, यावरही शास्त्रज्ञांत एकमत झालेलें नाहीं. साध्या उष्णतामानांत व साध्या दाबांत चालणारी अतिवाहक तार जर कधीं तयार झाली, तर परळीच्या औष्णिक केंद्रांतून निघणारी वीज वाटेंत रोधाला बळी न पडतां पोंचूं शकेल. परंतु ती तयार झाली आहे, असें आज कोणी म्हणूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. केल्विनपासून सिमन्स व रूज यांच्यापर्यंत ऐंशी वर्षें गेलीं होतीं, हें लक्षांत ठेवावें.

मात्र या ज्ञानाचा एक उपयोग आजच आहे, आणि तो पुनः काट्यापाशीं येऊन थांबतो. पोलादाचा ठोकळा खोटें बोलत नाहीं. स्थितिस्थापकतेच्या मर्यादेंत त्यावर जितका भार, तितकाच तो दबतो. पण ठोकळ्यापासून आंकड्यापर्यंत येतांना मायक्रोव्होल्टांचा संकेत मोठा करावा लागतो, त्याचें गणित करावें लागतें, आणि शून्य कोठें धरावयाचें तें माणसानें ठरवावें लागतें. चूक किंवा लबाडी झाली तर ती या पायऱ्यांवर होते. तक्तपोशीखालीं दगडमाती अडकली तर भाराचा कांहीं भाग जमिनीवर जातो आणि वजन कमी दिसतें. उन्हानें ठोकळा तापला तर त्याची भरपाई करणारी योजना चोख असावी लागते. म्हणून काट्याची ठराविक मुदतीनें तपासणी होऊन त्यावर वैधमापन खात्याची मोहोर असावी, असा कायदा आहे.

ऊस तोडणाऱ्यानें वा शेतकऱ्यानें विजेचें शास्त्र शिकलें पाहिजे असें नाहीं. परंतु गाडी चढण्यापूर्वीं रिकाम्या काट्यावर शून्य दिसतें कीं नाहीं, हें पाहणें त्याच्या हातीं आहे. मोहोर केव्हांची आहे, हें विचारणें त्याच्या हातीं आहे. गाडी भरलेली व रिकामी अशी दोन्ही वेळां त्याच काट्यावर तोलली गेली काय, आणि पावतीवर दोन्ही आंकडे आले काय, हें वाचणें, निदान शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून वाचवून घेणें, त्याच्या हातीं आहे. ज्ञात वजनाचीं मापें ठेवून काटा पडताळून दाखवा, ही मागणीही शास्त्राला धरूनच आहे. कारण प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञही आपलें यंत्र असेंच आधीं पडताळून घेतो, आणि मगच त्याच्या आंकड्यावर विश्वास ठेवतो.

भार उतरला कीं पोलाद क्षणांत पूर्ववत् होतें. माणसाच्या पाठीचें तसें नसतें. मोळी उतरली तरी तिचा ताण पाठींत राहतो, आणि हंगामामागून हंगाम तो सांठत जातो. तो ताण मोजणारी पट्टी अजून कोणी केलेली नाहीं. निदान त्या पाठीवरून आलेल्या उसाचें वजन तरी चोख व्हावें, एवढें काम केल्विनच्या तारेपासून चालत आलेल्या या विद्येकडून आणि ती चालविणाऱ्या माणसांकडून अपेक्षिणें कांहीं अधिक नव्हे.